शरीरातील धातू आणि ‘एमआरआय’

‘पायात रॉड आहे, म्हणजे एमआरआय होणार नाही’ हा समज बहुतांशी चुकीचा आहे. ‘हल्ली सगळे टिटॅनियमचेच असते, काही होत नाही’ हा दिलासाही तितकाच फसवा ठरू शकतो.

रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रांची चुंबकीय शक्ती १.५ किंवा ३ टेस्ला असते. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. तपासणी सुरू नसतानाही हे चुंबकत्व कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे खेचल्या गेलेल्या तरुणाचा मृत्यू झाला, तो यामुळेच.

शरीरात बसवलेल्या धातूचे मात्र सहसा असे होत नाही. टिटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही. हाडांच्या शस्त्रक्रियेतील स्टेनलेस स्टीलमध्ये लोह असले, तरी त्याची अंतर्गत रचना चुंबकाला फारशी दाद देत नाही. शिवाय प्लेट हाडाला स्क्रूने आवळलेली असते. खरी भीती असते ती मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीला लावलेल्या जुन्या क्लिपची. अशा काही क्लिपा चुंबकीय पोलादाच्या असत. १९९२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या मेंदूतील अशी क्लिप तपासणीच्या वेळी सरकली आणि तो दगावला.

दुसरा धोका उष्णतेचा. यंत्रातील रेडिओलहरी लांब तारेत शिरतात आणि तारेचे टोक तापते. पेसमेकरच्या तारा थेट हृदयाच्या स्नायूला टेकलेल्या असतात. शिवाय पेसमेकरचे कामही बिघडू शकते. म्हणूनच अशा रुग्णांना एमआरआय दीर्घकाळ वर्ज्य होता. काही अटींवर एमआरआय करता येईल अशा पेसमेकरला अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली ती २०११ मध्ये.

धोका नसला तरी प्रतिमा बिघडतेच. धातूभोवतीचा भाग काळा पडतो, कडा वेड्यावाकड्या दिसतात. टिटॅनियममुळे हे कमी, स्टील व कोबाल्ट-क्रोममुळे अधिक. गुडघ्यात स्टीलचा स्क्रू असेल, तर शेजारचा अस्थिबंध नीट दिसत नाही. मेंदूच्या प्रतिमेवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही. जास्त टेस्लाचे यंत्र अधिक चांगले, हा हिशेबही येथे उलटतो: ३ टेस्लावर हा दोष वाढतो, म्हणून अशा रुग्णांसाठी १.५ टेस्लाचे यंत्र अनेकदा श्रेयस्कर.

रोपणांचे सुरक्षित, सशर्त व असुरक्षित असे तीन वर्ग केले जातात. धातूची बहुतेक रोपणे ‘सशर्त’ ठरतात. या अटी कंपनी व मॉडेलनुसार बदलतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर मिळालेले कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद तपासणीच्या वेळी रेडिऑलॉजिस्टला दाखवणे अत्यावश्यक. तो हरवला असल्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातून नोंद मागवता येते, किंवा एक्स-रेवरून रोपण ओळखण्याचा प्रयत्न होतो. मेंदूतील क्लिपबाबत तेवढ्याने भागत नाही. तिचा नेमका प्रकार कळेपर्यंत तपासणी लांबणीवर टाकली जाते आणि तातडी असल्यास सीटी स्कॅनचा पर्याय निवडला जातो.