कॅमेऱ्याचा करडा न्याय

फोटो काढणे म्हणजे उजेड मोजून घेणे, आणि हे मोजमाप फार वर्षे माणसाच्या डोळ्याकडेच होते. १९१३ साली पडद्यावर आलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण त्र्यंबक तेलंगांनी केले, ते सूर्याच्या भरवशावर. ऊन किती कडक, ढग आला तर भिंगातले छिद्र किती मोठे करावे, हे सारे अनुभवाने ठरे. पुढे घरोघर पोचलेल्या, बडोद्यात बनणाऱ्या ‘क्लिक थ्री’ने ही विद्या ऊन आणि ढग अशा खुणांवर आणून ठेवली. निवड मात्र माणसाचीच राहिली.

ती यंत्राकडे देण्याची खटपट परदेशात त्याआधीच सुरू झाली होती. सेलेनियमवर उजेड पडला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ साली जाहीर केले. पुढे त्याच धातूसदृश पदार्थापासून उजेडावर वीज देणारी पट्टी तयार झाली. या इवल्याशा विजेने एक काटा हलतो. तो काटा जिथे थांबेल त्यावरून छिद्र लहानमोठे करायचे, एवढीच काय ती युक्ती. १९३८ साली कोडॅकने ती ‘सुपर सिक्स-ट्वेंटी’त बसवली. किंमत २२५ डॉलर! साहजिकच फार थोड्यांच्या हाती तो कॅमेरा गेला. १९५९च्या ‘आग्फा ऑप्टिमा’ने छिद्राबरोबर झडपेचा वेगही स्वतःकडे घेतला, आणि १९६७च्या ‘ऑलिंपस ट्रिप’ने हे सुख सामान्य प्रवाशाच्या खिशात आणले. त्याच्या भिंगाभोवती बारीक फुगवट्यांचे कडे असते, सेलेनियम त्यामागे. बॅटरी नाहीच. वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा आणि दोनशेवा भाग. उजेड अपुरा असेल तर आत लाल पट्टी वर येते आणि बटण दबतच नाही. इतका स्पष्ट नकार देणारी वस्तू मी तरी संसारात दुसरी पाहिलेली नाही.

निरगुडसरला आमच्या घरी याच जातीचा एक कॅमेरा मुंबईच्या काकांबरोबर आला, १९७४च्या चैत्रात. काकांनी आजीला ओसरीच्या दारात उभे केले. मागे पांढरे फटफटीत अंगण. ‘आई, आता हा स्वतःच बघतो सगळं,’ काका म्हणाले. रोल मंचरला धुऊन आला, तेव्हा अंगणातला खडा न् खडा उमटला होता आणि आजीच्या जागी काळी आकृती होती. आजीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाली, ‘ह्याला अंगान दिसलं, आन् मपलं त्वांड न्हाई दिसलं व्हय?’

आजीच्या प्रश्नात सगळे शास्त्र आहे. सेलेनियमला आजी कोण आणि अंगण कोणते, हे कळत नाही. समोरून येणाऱ्या साऱ्या उजेडाची ते सरासरी काढते आणि जग धरून चालते मध्यम करडे, पडलेल्या उजेडापैकी सुमारे अठरा टक्के परत पाठवणारे. शेतात, बाजारात, मांडवात हा हिशेब बहुधा जमतो. उन्हाचे अंगण मागे असले की छिद्र आकसते आणि पुढचा माणूस अंधारात जातो. यावर तोड सोपी होती. कॅमेरा आधी ओसरीच्या सावलीकडे वळवायचा, बटण अर्धे दाबून काटा जागीच पकडून ठेवायचा, मग पुन्हा आजीकडे वळून पुरते दाबायचे. किंवा शंभरच्या फिल्मला पंचवीसची म्हणून सांगायचे, म्हणजे यंत्र चौपट उजेड आत घेते. दोन्हीत माणसाचा डोळा पुन्हा कामाला लागतो, हे खरेच.

काका पुढच्या सुट्टीत आले तेव्हा आजी नव्हती. तिचा दुसरा फोटो घरात नाही. फोटोवाल्याने मोठी प्रत काढून चेहरा उजळण्याची पराकाष्ठा केली. परंतु फिल्मवर ज्या जागी उजेडच पोचला नाही, तिथे धुताना चांदी धरत नाही, आणि नसलेल्या चांदीतून नाकडोळे कुठून यायचे? पदराची कड तेवढी चमकते.

‘ट्रिप’चे उत्पादन १९८४ साली थांबले. एखाद्याच्या कपाटात तो असेलच. सेलेनियम वयाप्रमाणे मंदावते, म्हणून भिंगावर टोपण ठेवावे. परीक्षा करायची तर उन्हात न्यावा, रोल न घालता. खटका ओढून, काच तळहाताने झाकून बटण दाबले, की लाल पट्टी यायला हवी. हात काढला, की झडप उघडायला हवी. उन्हातही पट्टी आलीच, तर त्याची दृष्टी गेली असे समजावे.