तळटीप : ‘पुढे तेरा लावले’

* यामाहा बॅन्शी ३५० या चारचाकीला कंपनीकडून पुढे १४ आणि मागे ४१ दात्यांचं स्प्रॉकेट येई. म्हणजे मागचा आस एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट २.९३ वेळा फिरे. पुढे १३ दाते केले की हे प्रमाण ३.१५ होतं : वाळूत गाडी चटकन उचलते, वरचा वेग मात्र घटतो. एवढाच फरक मागून साधायचा तर ४४ दाते लागतात, बहुधा चेनही लांब घ्यावी लागते. म्हणून आधी पुढच्यालाच हात घालतात. स्वस्तात काम होतं. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त मुडपते आणि लवकर झिजते, हे पात्रांच्या गप्पांत येत नाही. टायरचंही तसंच. मागे मूळच्या २० इंचीऐवजी २२ इंची टायर चढवले, तर तेराचा सगळा फायदा तिथेच खलास.