खोली, खानावळ आणि गाव : गिरणगावातील स्थलांतरितांच्या संसाराची घडण

मुंबईच्या कापड-उद्योगाचा इतिहास कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीपासून सांगण्याचा प्रघात आहे. भांडवल, संप आणि संघटना या अंगांनी त्याचे विपुल लेखन झाले आहे. गिरणीतील माणूस पाळी संपल्यावर कोठे जात असे, कोणाच्या हातचे जेवत असे आणि कोणाच्या शेजारी वळकटी पसरीत असे, हे प्रश्न मात्र त्या मानाने दुय्यम राहिले. वस्तुतः १९२१ च्या जनगणनेत शहरातील सुमारे ८४ टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते आणि दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. अशा शहरात ‘घर’ ही गोष्ट नव्यानेच घडवावी लागली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर व पुणे या जिल्ह्यांतून परळ, लालबाग, डिलाईल रोड येथे आलेल्या कामगारांनी ती कशी घडविली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गिरणी-मालक आणि सरकारी अधिकारी यांच्या लेखी हा कामगार अर्धा शेतकरीच होता. तो शहरात रुजत नाही, पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी पळतो, ही तक्रार नित्याची होती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात गावाशी असलेला संबंध तोडू नये, उलट तो नियमित करावा, असे मत दिले. ते मालकांच्या तक्रारीपेक्षा वास्तवाला अधिक जवळचे होते. कारण मुंबईतील बिऱ्हाड उभे राहिले ते गावाच्याच आधाराने.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे गावकीचा गाळा. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत खोली घ्यावयाची, प्रत्येकाने ठरलेली वर्गणी द्यावयाची आणि त्या बदल्यात ट्रंक ठेवण्यास व अंग टाकण्यास जागा मिळवावयाची, अशी ही व्यवस्था होती. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. उन्हाळ्यात गॅलरी, जिना आणि पदपथ हेही खोलीचेच भाग होत. गावाहून नवा पोरगा आला की त्याची पहिली सोय गाळ्यातच लागे आणि त्याला जॉबरपर्यंत नेऊन उभा करणाराही बहुधा तेथलाच कोणी असे. गावचे देऊळ, तेथील उत्सव, कोणाचे आजारपण, भावकीतील तंटा यांचाही निकाल याच खोलीत लागे. अर्थात गाळा सर्वांना सारखा खुला नव्हता. तेथे जात पाहिली जाई. गावकुसाबाहेरच्यांना मुंबईतही आपले गाळे व आपल्या चाळी वेगळ्या शोधाव्या लागल्या, हे नजरेआड करता येत नाही.

गाळ्यात निवारा मिळे, पण चूल नसे. ती खानावळवालीकडे होती. एखाद्या कामगाराची पत्नी, पुष्कळदा विधवा, आपल्या एवढ्याशा खोलीत दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी तिचा दिवस सुरू होई आणि रात्रपाळीची पंगत उठल्यावर संपे. तिचा व्यवहार पूर्णतः उधारीवर चाले. गिरणीचा पगार महिना उलटून गेल्यावर हाती येई. तोपर्यंत वाण्याकडून धान्य उधार आणावयाचे, प्रसंगी सावकाराकडे डोरले गहाण टाकावयाचे आणि जेवणाऱ्यांना मात्र रोज वाढावयाचे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. अशा काळात या उधारीचा भार कोणी वाहिला असेल, हे सांगावयास नको. कामगार चळवळीच्या इतिहासात या स्त्रियांची नोंद फार उशिरा झाली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना बँकांचे कर्ज मिळवून देण्यास प्रारंभ केला, तेव्हा कोठे ही स्त्री स्वतंत्र कष्टकरी म्हणून कागदावर आली.

केवळ भिंतींनी घर होत नाही, याचा अनुभव सरकारलाही आला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. पुढे विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. तरीही वरळीतील अनेक खोल्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहून कामाची वाट पाहणाऱ्या बदली कामगाराला दूरची खोली आणि तिचे भाडे परवडत नव्हते. शिवाय उधार देणारा वाणी, खानावळ आणि गाववाले तेथे नव्हते.

कुटुंबे मोठ्या प्रमाणावर येऊ लागली ती नंतर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, खोली पुढच्या पिढीकडे जाऊ लागली आणि एकट्या पुरुषांच्या चाळींत पाळणे हलू लागले. तरीही मनीऑर्डर थांबली नाही. म्हातारे आईवडील आणि वाट्याची जमीन गावीच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा हजारो कुटुंबांनी मुलाबाळांसह त्याच गावाची वाट धरली. ज्यांचा गावाशी संबंध तुटला होता, त्यांची अवस्था अधिक बिकट झाली.

वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या घरांचा ताबा २०२५ साली देण्यात आला. १६० चौरस फुटांच्या जागी तेथे ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. अशा प्रत्येक योजनेत पात्रता ठरते ती कागदपत्रांवरून, आणि भाडेपावतीवर नाव एकाचेच असते. गाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरणारे गावकरी आणि परक्याच्या खोलीत चूल मांडून बसलेली खानावळवाली यांची नावे त्या पावतीवर कधीच नव्हती.