टेझर : पोलिसी वापर आणि मर्यादा

टेझर : माणसाच्या अंगात काही फुटांवरून वीज सोडून त्याचे स्नायू थोडा वेळ निकामी करणारे, हातात धरायचे शस्त्र. बोलताना याला सरसकट ‘स्टन गन’ म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे. साधी स्टन गन अंगाला टेकवावी लागते आणि तिने नुसती वेदना होते. टेझर दुरून सुया फेकतो आणि माणसाचा स्वतःच्या हातापायांवरचा ताबाच काढून घेतो. पोलिसांच्या संदर्भात वाद होतात ते मुख्यतः टेझरवरून.

जॅक कव्हर या अमेरिकी संशोधकाने 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात हे शस्त्र तयार केले. नाव आले 1911 सालच्या एका कुमार-कादंबरीवरून. तिचा नायक टॉम स्विफ्ट आणि त्याची विजेची रायफल यांची आद्याक्षरे जोडली आणि उच्चार सोपा व्हावा म्हणून मध्ये एक ‘ए’ घुसडला. आरंभीचा टेझर सुया फेकायला बारूद वापरत असे, त्यामुळे 1976 मध्ये अमेरिकी सरकारने तो बंदुकांच्या यादीत टाकला. 1993 मध्ये रिक आणि टॉम स्मिथ या भावांनी ॲरिझोनात कंपनी काढली आणि बारुदीच्या जागी दाबलेला नायट्रोजन वायू आणला. 1999 मधले एम26 आणि 2003 मधले एक्स26 ही मॉडेले पोलीस दलांत झपाट्याने पसरली. कंपनीचे नाव 2017 पासून ॲक्सॉन आहे.

चाप ओढला की काडतूस फुटते आणि गळासारखे काटे असलेल्या दोन सुया केसासारख्या बारीक तारा ओढत सुटतात. सोबत क्रमांक छापलेल्या चिमुकल्या टिकल्या जमिनीवर विखुरतात. काडतूस कोणाचे होते हे त्यांवरून शोधता येते. एक सुई सरळ जाते, दुसरी किंचित खाली झुकून. दोन्ही रुतल्या की मंडल पूर्ण होते. बातम्यांत झळकणारा 50,000 व्होल्टचा आकडा हवेतली फट आणि कपड्यांचा थर ओलांडण्यासाठीचा आहे. एक्स26 मध्ये शरीराला प्रत्यक्ष मिळणारा दाब 1,200 व्होल्टच्या आसपास असतो आणि सरासरी प्रवाह दोन-तीन मिलिॲम्पिअर. सेकंदाला 19 स्पंदने, एका वेळी 5 सेकंद. माणूस ताठ होतो आणि ओंडक्यासारखा कोसळतो. पडताना हात पुढे टेकवणेही त्याला जमत नाही. झटका थांबला की मात्र तो लगेच उठू शकतो, म्हणून बेड्या घालायच्या त्या पाच सेकंदांतच.

सारी मदार दोन सुयांमधल्या अंतरावर आहे. त्यांच्यामधले स्नायू जितके जास्त, तितकी पकड पक्की. निदान 30 सेंटिमीटर अंतर हवे असे मानले जाते. एक्स26 मध्ये दर सात फुटांमागे सुया सुमारे एक फूट फाकतात. म्हणजे तीन फुटांवरून मारल्यास त्या एकमेकींपासून जेमतेम पाच इंचांवर रुततात. माणूस ओरडतो, पण चाकू त्याच्या हातात राहतो. झटापट बहुधा हातघाईवरच येते, आणि नेमके तिथेच हे शस्त्र सर्वांत दुबळे ठरते. जाड सैल कोट, हुकलेली एक सुई किंवा तुटलेली एक तार यांपैकी काहीही झाले तरी मंडल जुळत नाही. थेट अंगाला टेकवून झटका देता येतो, पण त्याने फक्त दुखते; नशेत किंवा भ्रमिष्ट अवस्थेत असलेला माणूस दुखण्याने थांबेलच असे नाही.

त्यामुळे यशाचे आकडे जपूनच वाचावे लागतात. एपीएम रिपोर्ट्स या अमेरिकी वृत्तसंस्थेने 2019 मध्ये काही मोठ्या शहरांच्या पोलिसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कंपनीच्या दाव्यांपेक्षा यशाचे प्रमाण बरेच कमी निघाले. 2015 ते 2017 या काळात टेझर निष्फळ ठरल्यावर पोलिसांनी गोळी झाडून माणूस मारल्याच्या 250 हून अधिक घटनाही तिला सापडल्या.

न डागलेला टेझर अनेकदा जास्त काम करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘वापर’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत तो नुसता उपसलेला, रोखलेला किंवा त्याचा लाल ठिपका छातीवर टाकलेला असतो. याची दुसरी बाजूही आहे. सिटी ऑफ लंडन पोलिसांबरोबर झालेल्या प्रयोगात, दिसेल असा टेझर बाळगणाऱ्या पाळ्यांमध्ये एकूण बळाचा वापर 48 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि तोही टेझर वर्षभरात केवळ दोनदा डागला गेला असताना. कमरेचे हत्यार समोरच्याला चिथावते आणि बाळगणाऱ्याचा सूरही बदलते, असा याचा एक अर्थ लावला गेला.

‘प्राणघातक नसलेले शस्त्र’ हे जुने वर्णन मागे पडून आता ‘कमी प्राणघातक’ म्हणतात. रॉयटर्सने 2017 मध्ये अमेरिकेतल्या अशा 1,005 मृत्यूंची नोंद केली, ज्यांत पोलिसांनी टेझर वापरला होता. त्यांपैकी 153 प्रकरणांत शवचिकित्सेने टेझरला मृत्यूचे कारण किंवा सहकारण ठरवले होते. बाकीच्यांत मादक द्रव्ये, हृदयविकार आणि अंगाखाली दाबून धरणे यांचा गुंता असतो. छातीवर नेम धरणे टाळा, असे कंपनीने 2009 मध्ये प्रशिक्षण-सूचनेत म्हटले.

कित्येकदा घात करते ते पडणे. ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावी मे 2023 मध्ये एका वृद्धाश्रमात 95 वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंवर टेझर चालवला गेला. त्यांचे वजन 48 किलोहूनही कमी होते. एक हात चालण्याच्या आधारगाड्यावर, दुसऱ्यात स्वयंपाकघरातली सुरी. पडताना डोके आपटून त्या पुढे आठवडाभरात वारल्या. संबंधित पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, पण तुरुंगवास झाला नाही.

लाठीचा फटका मारणाऱ्याच्याही हाताला जाणवतो. इथे मात्र बोट चापावर तसेच ठेवले की वीज वाहत राहते. इंग्लंडच्या टेलफर्डमध्ये 2016 साली माजी फुटबॉलपटू डॅलियन ॲटकिन्सन यांना ती 33 सेकंद दिली गेली आणि नंतर डोक्यावर लाथाही घालण्यात आल्या. त्यांचा मृत्यू झाला. 2021 मध्ये त्या पोलिसाला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, 26 वर्षे नोकरी झालेल्या एका महिला अधिकाऱ्याने ‘टेझर, टेझर’ असे ओरडत चुकून पिस्तूल झाडले आणि 20 वर्षांचा तरुण मेला. अशी गफलत होऊ नये म्हणून टेझर भडक पिवळ्या रंगात मिळतो आणि पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला लावायला शिकवतात. त्या अधिकाऱ्याचा टेझर पिवळाच होता आणि विरुद्ध बाजूलाच होता.

2023 मध्ये आलेल्या टेझर 10 मध्ये दहा सुया एकेक करून सोडता येतात आणि पल्ला 45 फुटांपर्यंत आहे. दोन सुयांमधले अंतर आता झुकावाच्या कोनावर नव्हे, तर नेम धरणाऱ्यावर अवलंबून असते. जाड कोटाची अडचण मात्र अजून पुरती सुटलेली नाही.