समक्ष भरणा

पणजोबांच्या पत्र्याच्या पेटीत दोन मोडी कागद एकाच घडीत सापडले, त्याला आता आठ वर्षे झाली. मी इतिहासाचा रीतसर अभ्यासक नव्हे. मोडी शिकलो तीही चाळिशीनंतर, घरचे कागद वाचता यावेत एवढ्याच हेतूने.

पहिला कागद मुद्रांकावरचा, 1924 सालचा. खरेदीखत. लिहून घेणार आमचे पणजोबा, लिहून देणार गावातलाच एक कुणबी. भीमेकाठची चार एकर जमीन, किंमत 300 रुपये, चतुःसीमा नीट नोंदलेल्या. पाठीमागे दुय्यम निबंधकाचा शेरा: रक्कम समक्ष भरणा झाली. खाली लिहून देणाराचा डाव्या हाताचा अंगठा.

दुसरा कागद साधा, त्याच तारखेचा. त्यात पणजोबांनी लिहून दिले आहे की, पाच वर्षांत 300 रुपये परत आल्यास जमीन पुन्हा फिरवून देऊ. म्हणजे नाव खरेदीचे आणि व्यवहार गहाणाचा. आपल्याकडे याला मुदत खरेदी म्हणतात.

नोंदणी कचेरीत अर्ज करून मी त्या वर्षाची सूची क्रमांक दोन पाहिली. सूची एक माणसांच्या नावांची, सूची दोन मिळकतींची. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक एकमध्ये उतरवले जातात आणि ते पुस्तक फी भरून कुणालाही पाहता येते. 1908 च्या नोंदणी कायद्यानेच तसा हक्क दिला आहे. खरेदीखताची नक्कल शब्दन् शब्द मिळाली. दुसऱ्या कागदाचा मात्र कुठेही मागमूस नव्हता.

ही नोंदणी आली कशासाठी, हे समजून घेण्यासाठी मी मागे गेलो. देशभरासाठी नोंदणीचा पहिला कायदा 1864 चा. त्यानंतर 1866, 1871, 1877 आणि शेवटी 1908, असे तो नव्याने होत गेला. खोटे दस्त, मागची तारीख घालून केलेले दस्त आणि एकच जमीन दोघांना विकणे, यांना आळा घालणे हा त्यामागचा उघड हेतू. पण दख्खनच्या शेतकऱ्याचे दुखणे निराळे होते. त्याचा कागद खोटा नसे. तो त्याला वाचता येत नसे. सही म्हणून तो नांगराची निशाणी काढी. वर काय लिहिले आहे ते सावकाराला ठाऊक.

12 मे 1875 रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली: जमावाला माणसे मारायची नव्हती, कर्जरोखे हवे होते. रोखे हाती आले की ते जाळत. जिथे सावकाराने निमूट कागद दिले, तिथे बहुधा प्रकरण तेवढ्यावर मिटले.

त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्राम निबंधकाने स्वतः लिहावा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असे त्यात घातले. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असेही सांगितले. लेखणी सावकाराच्या हातून काढून तिसऱ्या माणसाकडे द्यायची, ही त्यातली कल्पना. मला ती आजही मोठी वाटते.

पण तिसऱ्या माणसाला दिसते किती? नोंदणी अधिकारी पाहतो ते इतकेच: दस्त याच माणसाने करून दिला का, आणि तो तोच माणूस आहे का. जमीन खरोखर त्याची आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही. त्याच्यासमोर रुपये मोजले गेले तर तो तसा शेरा लिहितो. ते रुपये कर्जाचे होते की किमतीचे, हे रुपयांवर लिहिलेले नसते. कचेरीबाहेर झालेले बोलणे पुस्तकात येत नाही.

कायद्याला ही वाट ठाऊक होती. 1929 साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती झाली: जमीन परत देण्याची अट खरेदीच्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच त्या खरेदीला गहाण मानता येईल. वाद कमी व्हावेत, हा हेतू. आमचा दस्त त्याआधीचा. त्या कुणब्याने कोर्टात दोन्ही कागद शेजारी ठेवले असते, तर हे गहाण आहे असे त्याला निदान म्हणता आले असते.

इथे मी अडलो. दुसरा कागद पणजोबांनी त्याला लिहून दिलेला. तो त्याच्या घरी असायला हवा. मग आमच्या पेटीत कसा? मुदत टळल्यावर त्याने परत केला असेल, किंवा त्याच्या हाती तो कधी पडलाच नसेल. पणजोबा सावकार नव्हते, एवढेच आमच्या घरात सांगत आले. 300 रुपये त्यांनी अडीनडीला दिले, असेही सांगत. ते खरेही असेल.

आज त्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर माझ्या चुलतभावांची नावे आहेत. त्यांना कागद दाखवले तेव्हा थोरला म्हणाला, "दादा, शंभर वर्षं झाली. कशाला उकरतोस?" कायद्याने त्याचे बरोबर आहे. मुदत कधीच संपली.

तरी मी दोन्ही कागदांचे बाळबोध लिप्यंतर केले आणि त्या कुणब्याच्या नातवाला नेऊन दिले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि मूळ कागद मागितला. काहीच न बोलता ते अंगठ्याचा ठसा बराच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "हा दुसरा कागद पण पुस्तकात चढवता येतो का?"

येत नाही. दस्त केल्यापासून चार महिन्यांत हजर करावा लागतो. तसे मी त्यांना सांगितले. म्हणून तो इथे लिहून ठेवतो आहे.