ताटासमोर कोण बसणार?

‘पोरगी जेवत नाही’ म्हटलं की शहापूर-मुरबाडकडे आधी दृष्ट काढतात. मग बोल आईला लागतो: तिनेच लाडावून ठेवलंय. हा फक्त गावाकडचा प्रघात समजू नका. वैद्यकशास्त्रानेही शंभर वर्षं हेच केलं.

घरात अन्न असताना, वजन घटत असताना मूल खाणं तोडतं, त्या आजाराला लंडनच्या विल्यम गल यांनी 1874मध्ये ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सगळ्यांत कुचकामी, असंही त्यांचं मत होतं. पॅरिसमध्ये शार्को तर मुलीला आईवडिलांपासून तोडणं हाच उपचाराचा पाया मानत. 1970च्या दशकात फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी अख्ख्या कुटुंबाला समोर बसवून जेवू घातलं. पण दोष कुटुंबाच्या घडणीतच शोधला.

वळण आलं लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये. 1987मध्ये तिथल्या प्रयोगात दिसलं, की आजार कोवळ्या वयात जडलेला आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर एकट्या मुलीच्या समुपदेशनापेक्षा कुटुंबासह केलेला उपचार सरस ठरतो. पद्धत साधी: कारणं उकरू नका, आधी आईवडिलांनी जेवणाचा ताबा घ्यायचा, वजन सावरलं की तो हळूहळू मुलीच्या हाती द्यायचा. यातून गेलेले पालक दोन गोष्टी सांगतात. दोष आपला नाही, हे कुणीतरी म्हटल्याचा सुटकेचा श्वास आणि हाडं मोडणारा थकवा. ताट भिरकावलं जातं, शिव्या मिळतात, धाकटं भावंड कोपऱ्यात राहतं.

आपल्याकडे नातेवाइकांना सोबत ठेवणं नवं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकातच त्यांच्यासाठी आवारात तंबू ठोकले होते.

मी सॉफ्टवेअरवाला, हिशेब घालतो: दिवसाला तीन, महिन्याला नव्वद ताटं. प्रत्येक ताटासमोर एक मोठं माणूस. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरात हे माणूस आणायचं कुठून?

उत्तर सरकारी योजनेतच आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित बाळाजवळ राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. म्हणजे भरवायला बसणं हेही काम आहे, हे सरकारनं मान्य केलंय. पण पाच वर्षांखालच्या मुलांपुरतंच. चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटासमोर बसणाऱ्या आईचाही दिवस बुडतोच.