दत्तक गेलेल्याचा माग

वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘दत्तक गेला’ एवढेच लिहिलेले असते आणि रेघ तिथेच संपते. पुढे त्या मुलाचे आडनाव वेगळे, गोत्र वेगळे, कधी नावही वेगळे. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी खंडेराव गायकवाडांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तिथे आडनाव तेच राहिले, शिवाय प्रश्न गादीचा. म्हणून जन्मदाते काशीरावही इतिहासात राहिले. साध्या घरातला गोपाळ कसा सापडणार?

माझ्या मते शोध उलट्या बाजूने करावा. दत्तक बहुधा मिळकतीला वारस म्हणून घेतला जाई. तेव्हा ज्या घरी तो गेला असावा, तिथले दत्तकपत्र आणि जमिनीचे फेरफार पाहावेत. जुने असतील तर मोडी वाचणारा गाठावा लागतो. कागद नसले तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकच विचारावे: कोणत्या घराशी आपली सोयरीक होत नाही, आणि का? दत्तक गेल्याने जन्मघरचे विवाहनिषेध सुटत नाहीत. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानेही ते कायम ठेवले. नाव विसरले जाते, पण ‘ते आपले भाऊच लागतात’ हे लग्न जुळवताना बरोबर आठवते.

एक माणूस मात्र या कागदांत क्वचितच भेटतो. मुलगा देण्याचा अधिकार बापाचा. १९५६ च्या कायद्यातही बाप हयात असता आईची फक्त संमती लागे. बरोबरीचा हक्क तिला २०१० साली मिळाला. गोपाळच्या आईचे, उमाबाईंचे, नाव मलाही मुद्दाम शोधावे लागले.